‘ग्रुपवर आलंय’ : पण सांगितलं कुणी?

आठवीच्या वर्गात आम्ही एकदा दोन साधे प्रश्न विचारले. या आठवड्यात तुम्हाला कळलेली एखादी नवी गोष्ट सांगा, आणि ती कुणाकडून कळली तेही सांगा. पहिल्या प्रश्नाची उत्तरं भराभर आली. कुणी पोलीस भरतीची तारीख सांगितली, कुणी एका पाल्याच्या रसानं साखरेचा आजार कायमचा जातो असं सांगितलं, कुणी शेजारच्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय असं सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जवळपास सगळ्यांचं एकच होतं : “ग्रुपवर आलंय.”

कुठल्या ग्रुपवर? “पप्पांच्या.” पप्पांना कुणी पाठवलं? “काकांनी.” काकांना? यावर वर्गात हशा पिकला. काकांना कुणी पाठवलं हे विचारायचं असतं, असं त्या मुलांना वाटलंच नव्हतं.

‘आजीनं सांगितलं’, ‘गुरुजींनी सांगितलं’ या वाक्यांत सांगणारा माणूस दिसतो. ‘ग्रुपवर आलंय’ या वाक्यात निरोप आहे, तो येण्याची जागा आहे, पण सांगणारा नाही. ‘पाऊस आला’, ‘पूर आला’ तसा निरोपही आपला आपण आला! इंटरनेटमुळे माणसाला माहिती मिळण्याच्या जागा बदलल्या हे आपण नेहमीच ऐकतो. पण त्या बदलात नेमकं काय मिळालं आणि काय हरवलं, हे सातारा-सांगली परिसरातल्याच उदाहरणांवरून समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत.

दोन सप्टेंबर

पहिला सप्टेंबर १९९५ सालचा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतातल्या सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली होती. पण ती होती मोजक्या मोठ्या शहरांत आणि मोजक्याच लोकांकडे. आपल्याकडच्या गावांत तर साधा फोनसुद्धा चौकातल्या एसटीडी बूथवर जाऊन करावा लागे. आणि तरीही २१ सप्टेंबरला ‘गणपती दूध पितो’ ही बातमी एका दिवसात देशभर पोचली. दुपारपर्यंत गावोगावच्या देवळांपुढे दुधाची भांडी घेऊन रांगा लागल्या. परदेशातल्या हिंदू मंदिरांतही तेच घडलं. या सगळ्याला ना मोबाईल लागला, ना ग्रुप. फोन, रेडिओ आणि माणसाचं तोंड एवढ्यावर भागलं.

दुसरा सप्टेंबर २०२२ सालचा. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत अशा अफवा त्या दिवसांत राज्याच्या अनेक भागांत मोबाईलवरून पसरल्या होत्या. १३ सप्टेंबरला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात लवंगा या गावी मथुरेकडचे चार साधू मोटारीतून आले. विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. एवढंच निमित्त झालं. मुलं पळवणारे आले असं समजून लोकांनी त्यांना गाडीतून ओढून काढलं आणि पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. पोलीस पोचले, ओळख पटली, आणि ते खरोखरच यात्रेला निघालेले साधू आहेत हे स्पष्ट झालं. ते वाचले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी मात्र असं झालं नाही. तिथे भिक्षा मागायला आलेल्या, मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जमावानं याच संशयावरून जीव घेतला.

या दोन्ही सप्टेंबरांकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. लोक ऐकलेल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवतात, ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. ते आधीपासूनच होतं. मग फरक कुठे आहे?

एक फरक असा. १९९५ ची बातमी आपली परीक्षा सोबत घेऊनच आली होती. चमचा, दूध आणि मूर्ती! कुणीही घरी करून पाहावं. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या मूर्तीला टेकवला की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर हा थर डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवला तेव्हा ओघळ सगळ्यांना दिसला. वर्गात हाच प्रयोग ओल्या विटेवर किंवा मातीच्या बैलावर करता येतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवत आणि मग त्यामागचं कारण सांगत, तीही रीत हीच. समोर करून दाखवता येण्याजोग्या गोष्टीला ती लागू पडते.

‘शेजारच्या तालुक्यात टोळी आली आहे’ या निरोपाची मात्र घरबसल्या परीक्षा घेता येत नाही. तो खरा की खोटा हे ठरवायचं तर एकच मार्ग उरतो : सांगणाऱ्यापर्यंत मागे जाणं. आणि नेमकी तीच वाट बंद झालेली असते.

सांगणारा सापडायचा

इंटरनेटच्या आधी आपल्या भागात माहिती कुठून यायची, ते जरा आठवून पाहू.

ऊस लावणाऱ्या घरात सगळ्यात महत्त्वाची बातमी म्हणजे आपल्या फडाला तोड कधी येणार. ती घेऊन येई कारखान्याचा चिटबॉय. त्याचं नाव माहीत, गाव माहीत, सायकल माहीत. त्यानं चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याला पारावर गाठून जाब विचारता येई. पिकावरच्या रोगाची, हवामानाची, बाजारभावाची माहिती रेडिओ देई. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे. सांगणाऱ्याचा चेहरा दिसत नसला तरी आवाज ओळखीचा असे, आणि चूक झाली तर पत्र पाठवायला पत्ता असे.

यावर कुणी म्हणेल, ‘पेपरात छापून आलंय’ असंही आपण म्हणतच होतो की! त्यात तरी सांगणारा कुठे दिसतो? आक्षेप बरोबर आहे. पण पेपरचं शेवटचं पान उलटून पाहा. अगदी तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापल्याचं ठिकाण दिलेलं असतं. ही पद्धत पडली ती १८६७ च्या कायद्यामुळे. इंग्रज सरकारनं तो केला त्यात वृत्तपत्रांवर नजर ठेवण्याचा हेतू होता हे खरं. पण त्यातून वाचकाचीही एक सोय झाली. वाक्यात नसलेला सांगणारा शेवटच्या पानावर हमखास सापडू लागला.

याच वाटेनं आणखी पुढे गेलेलं उदाहरण सातारा जिल्ह्यातच, वाईला आहे. मराठी विश्वकोशाचं मुख्य कार्यालय तिथे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडलं. विश्वकोशातली कुठलीही नोंद काढा, तिच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि अनेकदा संदर्भग्रंथांची यादीही असते. नोंद तज्ज्ञानं लिहायची, दुसऱ्यांनी तपासायची, मग संपादन व्हायचं. चाळीस वर्षं लागली त्याचं एक कारण हे. सावकाश, पण प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी उभं आहे!

मात्र हे सगळं सांगताना जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चावडीवरची बातमी सगळ्यांसाठी नव्हती. कुणी कुठवर यायचं हे जातीवर ठरे, आणि बायका तर चावडीवर नसतच. माणच्या किंवा जतच्या वाडीत पेपर पोचायचा तो दुपारनंतर, कधी दुसऱ्या दिवशी. विश्वकोशाचे खंड तालुक्याच्या ग्रंथालयात कुलुपबंद कपाटात. सांगणारा सापडायचा हे खरं, पण सांगणारे मूठभर होते आणि ऐकणाऱ्यांची निवड तेच करत. इंटरनेटनं हे कुलूप उघडलं. आज तोच विश्वकोश वाडीतल्या मुलीला मोबाईलवर फुकट वाचता येतो. हा लाभ लहान नाही.

वारणेचा अनुभव

गावात इंटरनेट आलं तर लोक त्याचं काय करतील? या प्रश्नाचा देशातला एक अगदी सुरुवातीचा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी, संगणकांचं जाळं उभारलं गेलं. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांचा तो एकत्रित प्रकल्प होता. गावागावांत संगणक केंद्रं झाली. शेतकऱ्याला पीक-सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण सगळं तिथे मिळावं अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा ही केंद्रं मुख्यतः एकाच कामाला वापरली जात होती : उसाचा व्यवहार. उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, किती टन ऊस गेला त्याचं वजन, खताचा हिशेब. पुढे याच कामासाठी महागडा संगणक कशाला, साधा मोबाईलवरचा संदेश पुरे, असं म्हणून सात गावांत तसा प्रयोग करण्यात आला, आणि तो शेतकऱ्यांना आवडलाही.

बऱ्याच जणांना यात प्रकल्पाचं अपयश दिसलं. आम्हाला मात्र त्यात शेतकऱ्याचं शहाणपणही दिसतं. वजनाच्या आकड्याला काटा होता, काट्याची पावती होती, आणि आकडा चुकला तर भांडायला कारखान्याचं ऑफिस होतं. आपल्याला लागणारी आणि आपल्याला पडताळता येईल अशी माहिती माणसांनी यंत्राकडून आनंदानं घेतली. यंत्र नवं होतं, पण परतीची वाट जुनीच, धड होती.

वाट तुटते कशी?

ही वाट तुटली ती पुढच्या टप्प्यात. मोबाईल स्वस्त झाले, २०१६ नंतर त्यावरचं इंटरनेट अतिशय स्वस्त झालं, आणि माहिती शोधायला जाण्याऐवजी तीच आपल्याकडे येऊ लागली. ‘पुढे पाठवा’ या एका बटणात काय होतं ते पाहा. निरोप जसाच्या तसा पुढे जातो, पण त्याचा आधीचा प्रवास मागेच राहतो. मूळ कुणी लिहिलं, कधी, कुठे, कशाबद्दल, यातलं काहीच सोबत येत नाही. त्या जागी येतं आपल्या मामांचं नाव, कारण शेवटी पाठवलं मामांनी. मामांवर आपला विश्वास असतो. ते खोटं बोलणार नाहीत. ते खरंच खोटं बोलत नाहीत! त्यांनीही कुणावर तरी विश्वास ठेवलेला असतो. माणसावरचा विश्वास असा नकळत निरोपाला चिकटतो.

यातून काय घडू शकतं याचं एक उदाहरण पुरेसं आहे. २०१८ मध्ये मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, अशी एक चित्रफीत देशभर फिरली. तिचा माग काढल्यावर कळलं की ती पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेनं केलेली जाहिरात आहे. मूळ चित्रफितीच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली गोष्ट निरपराध माणसांच्या जिवावर उठली, ती फक्त शेवट आणि पत्ता कापला गेल्यामुळे.

म्हणजे दोष इंटरनेटचा का? सरसकट तसं म्हणता येणार नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यावरच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती दाबली की कुठलं वाक्य कधी घातलं, कधी बदललं, कुणी काढलं याची सगळी नोंद दिसते. लिहिणारा टोपणनावानं का असेना, पण मागे जाता येतं. हेही इंटरनेटच.

किंवा सांगलीकरांना पाठ असलेलं उदाहरण घ्या. पावसाळ्यात कृष्णा वाढू लागली की सगळ्या जिल्ह्याच्या तोंडी एकच प्रश्न : “आयर्विनला किती फूट?” आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आज हा आकडा पुण्या-मुंबईतल्या, परदेशातल्या नातेवाइकांपर्यंत काही मिनिटांत पोचतो. ‘आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, ४१ फूट ३ इंच’ अशा निरोपात ठिकाण आहे, वेळ आहे, मोजमाप आहे. पुलाजवळ राहणारा कुणीही जाऊन तो ताडून पाहू शकतो. याउलट ‘धरणाचे दरवाजे तुटले, लगेच सगळ्यांना पाठवा’ या निरोपात यातलं काय आहे? कुठलं धरण, केव्हा, कुणी पाहिलं? काहीच नाही. आहे ती फक्त घाई.

मन का मानतं?

निरोप पत्त्याशिवाय आला तरी आपण तो का मानतो? दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं गोळा केल्या. ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथल्या लोकांत अफवा होत्या त्या आणखी मोठं संकट येणार असल्याच्या! खरं तर त्यांना दिलासा देणाऱ्या अफवा पसरायला हव्या होत्या. याचा अर्थ पुढच्या अभ्यासकांनी असा लावला, की धक्क्यानं मनात भीती आधीच बसलेली होती, आणि त्या भीतीला शोभेल असं कारण माणूस शोधत होता. आधी भीती, मग गोष्ट. आता वाडीवस्तीवरून दोन-तीन किलोमीटर चालत शाळेत येणारी मुलं आणि दिवसभर शेतावर किंवा तोडीला गेलेले आईबाप डोळ्यांपुढे आणा. भीती तिथे आहेच, आणि ती खोटीही नाही. टोळीचा निरोप त्या भीतीला कारण पुरवतो. म्हणून ‘तुम्ही भोळे आहात’ असं पालकांना सांगून काही साधत नाही. भीतीची दखल घेऊनच बोलावं लागतं.

दुसरा अभ्यास १९७७ चा, अमेरिकेतला. विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा काही विधानं ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं दर खेपेला तीच होती, बाकीची नवी. पुन्हापुन्हा ऐकलेली विधानं, खरी असोत की खोटी, दर खेपेला अधिक खरी वाटू लागली. ऐकण्याची सवय झाली की ती ओळख वाटते, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. आता एकच निरोप भावकीच्या, शाळेच्या, मंडळाच्या आणि भिशीच्या ग्रुपवरून चार वेळा आला, तर आपल्याला वाटतं चार जणांनी सांगितलं. वास्तविक साक्षीदार एकही नसतो. एकाच निरोपाच्या त्या चार प्रती असतात.

आता थोडं गणित

यापुढचा भाग वर्गात फळ्यावर करण्याजोगा आहे. एकानं एक निरोप पाच जणांना पाठवला. त्या प्रत्येकानं पुढे पाच नव्या लोकांना पाठवला. ५, २५, १२५, ६२५... नवव्या पायरीला १९,५३,१२५ आणि दहाव्या पायरीला ९७,६५,६२५! २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख. म्हणजे दहा पायऱ्यांत दोन्ही जिल्हे संपून निरोप शेजारी जाईल.

पण मुलांना इथेच थांबवू नका. कारण प्रत्यक्षात प्रत्येक जण निरोप पुढे पाठवत नाही. समजा, मिळालेल्यांपैकी चारांत एकच जण पाठवतो, पण तो पाच जणांना पाठवतो. म्हणजे दर चार निरोपांमागे पाच नवे. १०० जणांपासून सुरुवात केली तर पुढच्या पायरीला १२५, मग सुमारे १५६. दहाव्या पायरीला सुमारे ९३१, विसाव्याला सुमारे ८,६७०, तिसाव्याला ८० हजारांवर.

आता चारांऐवजी सहांत एक जण पाठवतो असं धरा. बाकी सगळं तेच. दर सहा निरोपांमागे नवे पाचच. १०० वरून ८३, ६९, ५८... दहाव्या पायरीला फक्त १६. निरोप आपोआप विझतो. सगळ्या पायऱ्यांची बेरीज केली तरी तो एकंदर ६०० लोकांपलीकडे जात नाही. साथीच्या रोगाचं गणित असंच चालतं, हे कोरोनाच्या काळात आपण ऐकलं आहे. एकापासून सरासरी एकाहून जास्त लोकांना लागण झाली तर साथ वाढते, एकाहून कमी झाली तर ओसरते.

या दोन उदाहरणांतला फरक किती आहे पाहा. ६० मुलांच्या वर्गात चारांत एक म्हणजे १५ मुलं. सहांत एक म्हणजे १० मुलं. ६० पैकी फक्त पाच मुलांनी हात आवरला, की भडकणारी अफवा विझणारी होते. सगळ्या समाजाला शहाणं केल्याशिवाय काही व्हायचं नाही, असं म्हणून आपण हताश होतो. गणित सांगतं की तशी गरजच नाही.

अर्थात, हा पाचाचा आकडा महत्त्वाचा आहे. निरोप पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकला, तर पन्नासांत एकानं पाठवला तरी तो जिवंत राहतो. म्हणूनच राईनपाड्यासारख्या घटनांनंतर, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या निरोपांसाठी ती एकच ठिकाण अशी केली. त्यानंतर अशा निरोपांचं फिरणं ७० टक्क्यांनी कमी झालं, असं कंपनीनं सांगितलं. निरोप कुणी वाचून तपासले नव्हते. फक्त पायरीचा आकडा लहान केला होता.

मग खुलासा मागाहून पाठवला तर? उपयोग होतो, पण कमी. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाची त्यात मोजदाद होती. १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीपेक्षा सुमारे सहा पट वेळ लागत होता. खोटी बातमी बहुधा नवलाची असते, आणि नवल सांगायला कुणाला आवडत नाही? म्हणून मागून खुलासा धाडण्यापेक्षा आधी क्षणभर थांबणं जास्त कामाचं.

वर्गात काय करता येईल?

आम्ही करून पाहिलेल्या तीन गोष्टी सुचवतो. यांना मोबाईल लागत नाही.

पहिली : निरोपाची साखळी. एका मुलाच्या कानात दोन ओळींचा निरोप सांगा. उदाहरणार्थ, ‘मंगळवारी बाजाराच्या दिवशी निळ्या गाडीतून आलेल्या दोन माणसांनी शाळेचा रस्ता विचारला.’ तो कानोकानी वीस मुलांपर्यंत जाऊ द्या. शेवटी काय उरलं ते फळ्यावर लिहा. मग उलट दिशेनं या. प्रत्येकानं ‘मला अमक्यानं असं सांगितलं’ असं म्हणायचं. कुठल्या पायरीला वार गळला, कुठे दोनाचे चार झाले, ते मुलांना स्वतःच सापडतं. मागे जाणं शक्य असतं हे या खेळातून कळतं, आणि ते मुख्य आहे.

दुसरी : वहीतला तक्ता. आठवडाभर घरी आलेले पाच निरोप मुलांनी लिहून आणायचे. प्रत्येकापुढे चार रकाने : मूळ सांगणारा कोण? कुठे? केव्हा? मी पडताळू शकतो का, आणि कसा? रकाने रिकामे राहिले म्हणजे निरोप खोटाच असं नाही. पण रिकामे रकाने असलेला निरोप पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम पुरे. घरच्या खाजगी गोष्टी वहीत येणार नाहीत याची काळजी मात्र आपण घ्यायची.

तिसरी : आकड्यांची परीक्षा. धरणाच्या बातम्यांत टीएमसी आणि क्युसेक हे शब्द येतात. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर १ टीएमसी पाणी जातं. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. आता ‘एका रात्रीत निम्मी कोयना सोडली’ असा निरोप आला, तर १२ तासांत साडेबावन्न टीएमसी सोडायला किती क्युसेक लागतील ते मुलांना काढू द्या. उत्तर १२ लाखांच्या वर येतं. मग त्या दिवशीचा प्रत्यक्ष विसर्ग पेपरात किंवा जलसंपदा विभागाच्या माहितीत पाहायचा. इथे मुलं कुणावर विश्वास ठेवत नाहीत आणि कुणावर अविश्वासही दाखवत नाहीत. ती भागाकार करतात.

एक सावधगिरी मात्र हवी. या सगळ्यातून ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ असा धडा मुलांनी घेतला तर तो तितकाच घातक. सगळंच खोटं मानणारा माणूस डॉक्टरचंही ऐकत नाही आणि पुराचा खरा इशाराही मानत नाही. त्यापेक्षा कुणावर, कशाबद्दल आणि किती विश्वास ठेवायचा हे त्याला ठरवता यायला हवं. उसाच्या वजनाबाबत काट्याची पावती मागणारा शेतकरी हे रोज करतो.

त्या आठवीच्या वर्गात आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा तेच दोन प्रश्न विचारले. एका मुलीनं सांगितलं, “सर, पाल्याच्या रसाचं मी काकांना विचारलं. त्यांना त्यांच्या मित्रानं पाठवलं होतं. मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ग्रुपवर आलंय.” वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “म्हणून मी आजीला सांगितलं, गोळी बंद करू नको.”